चौथा ऐकणारा

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, की उडत उडत ऐकलेली नाही.

ज्याच्यावर गुदरली तो अभिजित माझा आतेभाऊ. त्याने ती मला एकदाच सांगितली. सांगताना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता... आणि अभिजित उगाच भिणाऱ्यातला माणूस नाही.

शिवाय ही रात्रीची गोष्टही नाही.

मे २००६. जयपूर. मालवीय नगरमधलं पहिल्या मजल्यावरचं भाड्याचं घर. आणि वेळ दुपारी तीनची... उन्हाने रस्ते ओस पडतात, खिडक्यांना जाड पडदे ओढलेले असतात आणि अख्खी गल्ली झोपलेली असते, ती वेळ.

अभिजित विमा कंपनीत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन तिकडे गेलेला. सोबत बायको ज्ञानदा आणि आठ वर्षांची शर्वरी. खालच्या मजल्यावर घरमालक देवरामजी. तुसडा माणूस. पोरगी जिना पळत चढली तरी खालून ओरडायचे. पण एक गोष्ट अभिजितला नंतर आठवली. देवरामजी भांडायला वर यायचे ते उंबऱ्यापर्यंतच. कितीही तावातावाने आले तरी हॉलमध्ये पाऊल टाकत नसत.

अभिजितला हौस एकच, सिनेमाची. घरात थिएटरसारखा आवाज हवा, चहूबाजूंनी. दोन महिने दर शनिवारी तो जयंती मार्केटमध्ये चकरा मारत होता. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, असं ज्ञानदाने बजावलं होतं.

नंदकिशोर नावाच्या दुकानदाराने त्याला दोन सेट लावून दाखवले. एक झगमगीत, निळे दिवे, समोरच्या स्टिकरवर भलेमोठे आकडे. दुसरा साधा काळा. एक अॅम्प्लिफायर, पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर.

"साब, स्टिकर मत देखो. आँख बंद करके सुनो," नंदकिशोर म्हणाला.

झगमगीत सेटवर नुसता दणदणाट. माणसं काय बोलतात ते कळेना. साध्या सेटवर मात्र कुजबुजसुद्धा स्पष्ट. अभिजितने साधा घेतला. नवाकोरा, सीलबंद खोका.

निघताना नंदकिशोरने एक गोष्ट समजावली. सोफ्यावर जिथे बसणार तिथून प्रत्येक स्पीकर किती फुटांवर आहे, ते मोजायचं आणि मशीनमध्ये भरायचं. मग पाचही आवाज त्या जागी एकाच क्षणी पोचतात.

"मशीन को बताना पड़ता है कि सुननेवाला कहाँ है. बस."

अभिजितने तसंच केलं. तीन स्पीकर टीव्हीजवळ, दोन मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत. सोफा हॉलच्या मधोमध, मागे चालायला ऐसपैस जागा. त्याने टेप लावून मोजलं. पुढचे दोन नऊ फूट, मधला आठ, मागचे दोन नऊ. मग चाचणीचं बटण दाबलं.

श्श्श्श...

नळातून हवा सुटावी तसा आवाज. आधी डाव्या स्पीकरमधून, मग मधल्या, मग उजव्या, मग मागून उजवीकडून, मग मागून डावीकडून. एक फेरी पूर्ण.

शर्वरी टाळ्या पिटत होती.

सोमवारी ऑफिसातून येऊन त्याने सिनेमा लावला, तर आवाज विचित्र. बोलणं लांबून येत होतं. मागचा डावा स्पीकर जवळजवळ गप्प.

त्याने आकडे उघडले.

मागचा डावा... दोन फूट. बाकी दहा, चौदा, चौदा, सोळा.

"रिमोटला हात कुणी लावला?"

"आम्ही कशाला लावू?" ज्ञानदा म्हणाली.

त्याने आकडे पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललेले. तेच. मागचा डावा दोन फूट.

तिसऱ्या दिवशी अभिजितचं डोकं फिरलं. शर्वरी रिमोटजवळच बसली होती. त्याने तिला एक ठेवून दिली.

पोरगी आधी रडलीच नाही. गालावर हात ठेवून बघत राहिली.

"मी नाही केलं बाबा... सच्ची. आवाज आपोआप होतो. दुपारी."

"कसला आवाज?"

"श्श्शवाला. गोल गोल घूमता है."

त्याने ज्ञानदाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. दोन दुपारी तिनेही ऐकला होता. पहिल्यांदा तिने बटण बंद केलं. दुसऱ्यांदा वायरच उपटली. वायर हातात होती...

आणि आवाजाने आणखी एक फेरी पूर्ण केली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं? त्या खोक्यापायी पोरीवर हात उचललात तुम्ही!"

त्या दिवसापासून घर बिघडलं. नवरा-बायको एकमेकांशी धड बोलेनात. शर्वरी बापाजवळ येईना.

रविवारी त्याने दोघींना कानोत्याच्या धरणावर नेलं. निघताना मेन स्विच खाली पाडला, रिमोट स्वतःच्या बॅगेत टाकला, दाराला कुलूप लावलं. पाण्याकाठी बसून शर्वरीशी तो माफी मागितल्यासारखं बोलला. ती थोडी हसली. बरं वाटलं.

संध्याकाळी परत आले, तर देवरामजी जिन्यात उभे.

"पूरी दोपहर दिमाग खा गए आप लोग! दो बजे से सूँ सूँ सूँ... और ये कौन है जो ऊपर पैर घसीटता रहता है?"

"हम तो घर पर थे ही नहीं," अभिजित म्हणाला.

देवरामजींचा चेहरा बदलला. शिवी तोंडात आली होती, ती त्यांनी गिळली. वर दाराकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन कडी घातली.

कुलूप जसंच्या तसं होतं. मेन स्विच खालीच होता.

अभिजितने तो वर केला, मशीन चालू केलं, आकडे उघडले.

या वेळी वेगळे होते.

मागचा डावा आता सहा. मागचा उजवा नऊ. पुढचे अकरा, बारा, मधला अकरा.

तो आकड्यांकडे बघत राहिला... आणि नंदकिशोरचं बोलणं त्याच्या ध्यानात आलं. हे आकडे म्हणजे काही बिघाड नव्हता.

ही एक जागा होती.

त्याने स्वयंपाकघरातून सुतळीचं बंडल आणलं. ज्ञानदा न बोलता दुसरं टोक धरायला आली. प्रत्येक आकड्याएवढी सुतळी कापली, एक टोक त्या त्या स्पीकरला बांधलं, आणि पाचही मोकळी टोकं ताणत ताणत तो हॉलमधून सरकू लागला.

टोकं एकत्र आली.

सोफ्याच्या मागे. डाव्या बाजूला. शर्वरी रोज बसायची त्या जागेच्या बरोब्बर पाठीमागे.

आणि उंची... टोकं धरलेली मूठ त्याच्या स्वतःच्या कपाळासमोर होती.

ऐकणाऱ्याचे कान त्या उंचीवर. म्हणजे कुणीतरी उभं होतं. त्याच्याहून उंच.

पहिल्या दिवसांचे आकडे आठवून त्याने तसंच पुन्हा केलं. टोकं मागच्या डाव्या कोपऱ्यात जुळली. पडद्याआड.

म्हणजे तो आधी कोपऱ्यात होता. आता सोफ्यापर्यंत आला होता.

"फेकून द्या ते," ज्ञानदा पुटपुटली.

"उद्या देतो परत. उद्याच."

पण तोवरही शर्वरीच्या मागे कुणाला उभं राहू द्यायचं नाही, म्हणून अभिजितने एक केलं. सोफा ढकलत नेऊन मागच्या भिंतीला टेकवला. पाठीमागे बोटभरही जागा ठेवली नाही.

त्याला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली. अडीचला घरी आला. खोका काढला, थर्माकोल काढला. ज्ञानदा आत पाणी पीत होती. शर्वरी सोफ्यावर बसून चित्र रंगवत होती.

मशीन बंद होतं.

श्श्श्श...

डावा. मधला. उजवा. मागचा उजवा. मागचा डावा.

पुन्हा. जरा जोरात.

पुन्हा. आणखी जोरात.

आवाजात राग होता, असं अभिजित म्हणतो. भांड्यात कोंडलेल्या वाफेसारखा राग. मग एकदम थांबला.

मशीनच्या पडद्यावर आकडे आपोआप उमटले. एकामागून एक.

"शर्वरी, इकडे ये," तो हळूच म्हणाला.

ती हलली नाही. पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली. नजर समोर, अगदी जवळ कशावर तरी... डोळे तिरळे व्हावेत इतक्या जवळ.

"शर्वरी!"

कालच्या सुतळ्या अजून बांधलेल्या होत्या. त्याने का ते केलं, त्याला आजही सांगता येत नाही. त्याने आकडे वाचले, प्रत्येक सुतळी अंदाजाने तेवढ्या फुटांवर चिमटीत धरली, आणि सगळ्या एका मुठीत एकत्र आणत पुढे गेला. सुतळ्याच त्याला ओढून नेत होत्या.

सोफ्याची पाठ भिंतीला लावल्यावर मागे उभं राहायला जागाच उरली नव्हती.

म्हणून तो पुढे आला होता.

सुतळ्यांची मूठ शर्वरीच्या नाकासमोर थांबली. वीतभर अंतरावर. तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

उभा नव्हता तो. वाकला होता.

अभिजितच्या मनगटाला काहीतरी लागलं. गार. मेच्या दुपारी, कूलर बंद असताना... गार.

त्याने दुसऱ्या हाताने पोरीला खेचलं. त्याच क्षणी पाचही स्पीकर एकदम फुटल्यासारखे गरजले. खिडक्यांच्या काचा थडथडल्या. ज्ञानदा धावत आली, तिने शर्वरीला कवेत घेतलं आणि तिघंही अनवाणी जिन्यावरून खाली पळाली.

तापलेल्या फरशीवर उभी राहिली तेव्हा कुठे शर्वरी रडली. तिच्या डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला होता.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाने कानाच्या पडद्याला इजा झाली आहे, भरून येईल. आलाही भरून.

संध्याकाळी अभिजित ऑफिसातल्या दोघांना घेऊन वर गेला आणि सेट उचलून नंदकिशोरकडे नेला. नंदकिशोर भला माणूस. त्याने सेट आठ दिवस दुकानात चालवून पाहिला. दुपारीसुद्धा. एक आकडाही हलला नाही. नंतर तो एका डेंटिस्टने नेला, त्याच्याकडे तो छान वाजत होता.

"मशीन में कुछ नहीं था, साब," नंदकिशोर फोनवर म्हणाला.

अभिजितने फोन ठेवला आणि ज्ञानदाला सांगितलं. तिने मागच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

मग म्हणाली, "म्हणजे अजून इथेच आहे. ते होतं तोवर निदान कुठे आहे ते कळत तरी होतं..."

तिने एकटीने सोफा भिंतीपासून ओढला आणि पुन्हा हॉलच्या मधोमध आणला.

दुसरं घर मिळेपर्यंत पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत काहीच झालं नाही. देवरामजींना विचारलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. पुढे अभिजितची भोपाळला बदली झाली.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या भोपाळच्या क्वार्टरमध्ये गेलो होतो. लहानसा हॉल, सामानाने भरलेला. आणि सोफा भिंतीपासून चांगला चार फूट पुढे ओढून ठेवलेला. येता-जाता गुडघे टीव्हीच्या टेबलाला आपटत होते.

मी म्हटलं, "अरे, हा मागे सरकव की. केवढी जागा वाया घालवलीस."

तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं.

"पण ते घर तर सुटलं ना तुमचं?" मी विचारलं.

"सुटलं," तो म्हणाला. "पण इथे आल्यावर सोफा मी भिंतीलाच लावला होता. दुसऱ्या दिवशी शर्वरीने स्वतः ओढून पुढे आणला. का, ते सांगत नाही."

शर्वरी तिथेच बसून फराळ करत होती. तिने मान वर केली नाही.

मी आणखी दोन तास त्या सोफ्यावर बसलो होतो. मागची चार फूट जागा माझ्या पाठीला सारखी जाणवत होती.

मी वळून पाहिलं नाही.