पाचव्या फोटोतली विहीर

"शेवटचं कोण?"

स्पेनच्या दक्षिण टोकाला, काडिझमध्ये दुकानात शिरताना नमस्कार एक वेळ राहिला तरी चालतो, पण हा प्रश्न विचारावाच लागतो. इथं कुणी ओळीत उभं राहत नाही. कुणी भिंतीला टेकतं, कुणी दारात गप्पा मारतं. आपल्या आधी कोण आहे एवढं लक्षात ठेवलं की झालं. दूर उत्तरेला, एल्विराच्या बुर्गोसमध्येही हीच रीत. म्हणून त्या सकाळी, पूर्वेचा वारा नुसता पिसाळलेला असताना, ती एन्कार्नाच्या बेकरीत शिरली आणि तिनं सवयीनं विचारलं.

"मी," खांद्याला टपालाची पिशवी अडकवलेला एकजण म्हणाला. "पण माझ्यामागे नंबर लावायचा तर धीर पाहिजे हं. मी घाईतला माणूस नाही."

"पोस्टमन आणि घाईत नाही? मग इथल्या लोकांना पत्रं मिळतात तरी कधी?"

"प्रेमपत्रं लगेच. बिलं सावकाश."

एल्विराला हसू आलं... आणि तेवढ्यात दार उघडलं, वारा आत घुसला, आणि तिच्या हातातल्या पाकिटातले फोटो पीठ सांडलेल्या फरशीवर उडाले. दोघंही एकदमच खाली वाकली. पाच जुने फोटो होते, कडा झिजलेले. त्यानं एकेक उचलून फुंकर मारली आणि परत करता करता पाहिला. पाचव्याशी मात्र तो थोडा जास्तच थांबला. एका आतल्या अंगणात, संगमरवरी विहिरीच्या काठावर बसलेली तरुण मुलगी, डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून हसणारी.

"माझी आई," एल्विरा म्हणाली. "लग्नानंतर दोघं इथं आली होती. बाबांना या पाचही जागा पुन्हा बघायच्यात. पण नाव एकाही जागेचं आठवत नाही त्यांना. म्हणतात, मी बायकोकडे बघत होतो, पाट्यांकडे नाही."

"शहाणे आहेत तुमचे बाबा."

"त्यांची नजर जातेय." हे ती अनोळखी माणसाला का सांगत होती, कुणास ठाऊक. "डॉक्टर म्हणाले, ख्रिसमसपर्यंत दिसेल. म्हणून आत्ताच आलो."

तो गंभीर झाला. "मी सर्वांदो. या गावातलं प्रत्येक दार मला माहीत आहे. चार जागा तर आत्ताच सांगतो. पाचवी..." त्यानं फोटो परत दिला. "पाचवी शोधावी लागेल."

मग काय, सर्वांदोची टपालाची फेरी दुपारी दोनला संपायची आणि जेवण, वामकुक्षी आटोपून सहाला तो त्यांच्या खोलीखाली शीळ घालायचा. फेर्मिन, म्हणजे तिचे बाबा, आधीच टोपी घालून तयार असायचे. कालेताच्या किनाऱ्यावरचं पांढरं स्नानगृह. समुद्राकाठचं ते अवाढव्य वडाच्या जातीचं झाड. किल्ल्याकडे जाणारी, लाटांमधली दगडी वाट. कारंज्याचा जुना चौक. प्रत्येक ठिकाणी बाबा फोटो नाकाला लावून पाहायचे, मग समोर पाहायचे, आणि खिशातून रुमाल काढायचे. तोवर सर्वांदो आणि एल्विरा कागदाच्या पुडीतली तळलेली मासळी खात जरा लांब उभी राहायची.

"मोठा काटेरी तुकडा मुद्दाम मला दिलास," ती म्हणायची. 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं.

"काटे काढताना माणूस गप्प बसतं. मला जरा बघता येतं."

"काय बघता येतं?"

"...समुद्र."

सकाळी बेकरीत तर निराळाच खेळ. सर्वांदोचा नंबर आला की तो मागच्या बाईला म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, काकू." मग त्यांच्यामागच्या काकांना. मग त्यांच्या सुनेला. एल्विरा त्याच्याशेजारी भिंतीला टेकून उभी, दोघांचे दंड पुसटसे लागलेले, आणि गाव पाव घेऊन पुढे जातंय.

"सर्वांदो, तुझ्या वाटचा पाव शिळा झाला रे," एन्कार्ना गल्ल्यामागून म्हणायची. "मुलगीही शिळी होईपर्यंत असाच उभा राहणार आहेस का?"

एल्विरा लाजायची, पण हलायची नाही. एकतीस वर्षांच्या आयुष्यात तिच्यासाठी कुणी आपला नंबर सोडला नव्हता.

चार फोटो झाले. पाचव्याचं रोज काही ना काही निघायचं. हे अंगण नाही, त्या गल्लीतलं बघू, उद्या सुट्टी आहे, परवा नक्की. एल्विरानं खोली आणखी आठवडाभर ठेवली. बाबांना म्हणाली, तुमच्यासाठी. पण एका संध्याकाळी चर्चमध्ये तिनं मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात मागितलं की ती विहीर इतक्यात सापडू नये. मागून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण मेणबत्ती काही तिनं विझवली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी न्याहारीला बसताना बाबा म्हणाले, "खिडकी उघड ना गं, एल्विरा. किती अंधार केलायस."

खिडकी उघडी होती. टेबलावर, कॉफीवर, त्यांच्या हातांवर सगळं ऊन पडलं होतं.

ज्या डोळ्यानं दिसत होतं त्याच्याच आत रक्तस्राव झालाय, डॉक्टरांनी सांगितलं. एखाद्याला होतो असा, अचानक. आता काही करता येणार नाही. बुर्गोसची तिकिटं शुक्रवारची निघाली.

संध्याकाळी सर्वांदोनं ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग बाबांचा हात आपल्या दंडात घेऊन म्हणाला, "चला. विहिरीकडे जाऊ."

बेकरीपासून दुसरीच गल्ली. हिरवं दार, पितळी कडी. आतून एक म्हातारी, रेग्ला आजी, काठी टेकत आली.

"आलास का शेवटी, सर्वांदो? पहिल्याच दिवशी फोटोचं सांगून गेलास, उद्या आणतो म्हणालास. दोन आठवडे रोज विहिरीचा काठ पुसून ठेवतेय मी."

एल्विरानं चमकून सर्वांदोकडे पाहिलं. बाबा मात्र पुढे झाले. त्यांनी काठावरून हात फिरवला, दोरानं पडलेले चरे बोटांनी शोधले, आणि एक चरा सापडल्यावर तिथंच थांबले. "इथं," ते म्हणाले. "वाऱ्यानं तिची टोपी उडत होती म्हणून आम्ही दिसेल त्या दारात शिरलो. कॉन्सुएलो इथंच बसली होती."

एल्विरानं सर्वांदोला दाराबाहेर ओढलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"रोज या दारात पत्रं टाकत होतास."

"फोटो संपले की तू जाणार होतीस. डॉक्टर ख्रिसमस म्हणाले होते, एल्विरा. मला वाटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय..."

"माझ्या बाबांचे चार दिवस होते ते."

त्यानं मान खाली घातली. त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, आणि तिला ती मेणबत्ती आठवली. हात उचललाच नाही. त्याला माफ करायचं तर आधी स्वतःला करावं लागणार होतं, आणि ते तिच्याच्यानं होत नव्हतं.

"भांडू नका रे," आतून बाबांचा आवाज आला. "तुझी आई गेल्यापासून तू हसली नव्हतीस, एल्विरा. हे दोन आठवडे हसत होतीस. ते मी पाहून घेतलं."

त्यांनी ते सांत्वनासाठी म्हटलं होतं. ती मात्र भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडली. सर्वांदो दोन पावलांवर उभा होता. जवळ यायची त्याची छाती झाली नाही.

शुक्रवारी सकाळी, गाडीत खायला पाव हवा म्हणून ती बेकरीत गेली. वारा पडला होता.

"शेवटचं कोण?"

"मी," सर्वांदो म्हणाला.

ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकली. दंडाला दंड लागला, आणि कुणी तो काढून घेतला नाही. त्याचा नंबर आला. तो मागं वळून दारातल्या बाईला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, काकू." मग त्यानंतर आलेल्या आजोबांना. एन्कार्नानं आज टोमणा मारला नाही. ती फडताळ पुसत राहिली.

हीच तर त्याची खोड होती, जिच्यावर एल्विराचा जीव जडला होता. अजूनही जडलेलाच होता. अशीच दुपार होईल, गाडी चुकेल, बाबा बाकावर बसून राहतील, आणि तिलाही तेच हवं असेल.

"सर्वांदो," ती हळूच म्हणाली, "आज तू हो पुढे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "एल्विरा..."

"हो पुढे."

तो गेला. एक लांब पाव घेतला, काखेत धरला, आणि तिच्यासमोरून दाराबाहेर पडला. पिशवीचा पट्टा तिच्या बाहीला घासला. काचेपलीकडे त्याची पाठ गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी ती तिकडेच बघत होती.

दार उघडलं. कडेवर बाळ घेतलेली कुणी बाई आत आली आणि सगळीकडे नजर फिरवत म्हणाली, "शेवटचं कोण?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"मी," एल्विरा म्हणाली.