चौरंगाखालची आठवी खाच

वेळ दुपारी तीनची. साल १९३८, नागपंचमीनंतरचा रविवार. स्थळ धुळ्यातलं देवपूर, पांझरेच्या काठाजवळचं निंबा पाटलांचं तीन खणांचं घर. ऊन लख्ख पडलं होतं आणि घरात पंचवीस माणसं होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. अशी गोष्ट निघाली की शहाणी माणसं लगेच अंधाराला साक्षीला बोलावतात. इथे अंधार नव्हता.

त्या दिवशी यशोदाबाईच्या घरी कानबाई, खानदेशात श्रावणात घरी मांडतात ती देवी, बसायची होती. निंबाची ही बायको सकाळपासून भिंगरीसारखी फिरत होती. सासूने, सुंदरबाईने, घरचा सागवानी चौरंग यंदा तिच्या हवाली केला होता. सुंदरबाईला तो तिच्या सासूकडून आला होता. बारा वर्षं मात्र तो एक पाया तुटून माळ्यावर पडून होता, आणि तेवढी वर्षं कानबाई भडगावला निंबाच्या चुलतभावाकडे, तोतारामकडे बसत होती. यशोदाबाईने तो खाली उतरवला आणि गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या नजीर सुताराकडून नवा पाया बसवून घेतला. नजीरने असं पॉलिश केलं की चौरंगात तोंड पाहून कुंकू लावावं.

तोतारामला हे रुचलं नव्हतं. तो मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला होता की देवी सुखाने देवपुरात बसू दे, पण चौरंग जरा जरी डुगडुगला तरी देवीला ही जागा पसंत नाही असं समजायचं. मग चौरंग भडगावला जाईल तो कायमचा. भाऊबंदांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काही लागत नाही.

आणि नेमका चौरंग डुगडुगला.

ओट्यावर ठेवला तर दगडासारखा स्थिर. आतल्या खोलीत नेऊन वर तांदूळ पसरून कानबाईचा नारळ ठेवला, की खट... खट... जणू कुणी खालून बोटाने टिचकी मारतंय. एका पायाखाली लाकडाचं चिपाट सारलं, तर दुसरा उचलला. झुलाल आबांनी, निंबाच्या म्हाताऱ्या चुलत्यांनी, जागा बदलून पाहिली. तिथेही तेच. तोताराम दाराला टेकून सुपारी कातरत होता.

"वहिनी, कानबाईले आठे बसानं नही शे, दखा," देवीला ही जागा नको असं ठरवून तो म्हणाला. "मी गाडी जुपाले सांगस."

यशोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने तोतारामला दिसू दिलं नाही. नजीरला बोलावणं गेलं. तो ओट्यावरच थांबला. चौरंग बाहेर आणला, तो पुन्हा स्थिर. नजीरने तो उलटा केला, चारही पाये ठोकून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, पायात खोट नाही. फक्त पाया ठोकताना इथली जरा लाख उडाली. एवढी एक खाच मोकळी झाली. कचरा समजून मी ती लाख झाडून टाकली."

ओट्यावरची माणसं चौरंगाभोवती जमली.

या घराची एक रीत होती. घरात मुलगा जन्मला की चौरंगाच्या पोटाला एक खाच पाडायची. माणूस गेला की त्याच्या खाचेत तापलेली लाख ओतून वर अंगठा दाबायचा. नजीरला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. यशोदाबाईने खाली वाकून मोकळ्या खाचा मोजल्या. निंबा आणि त्याची दोन मुलं, झुलाल आबा, तोताराम आणि त्याची दोन मुलं. सात. मोकळ्या खाचा मात्र आठ होत्या.

भाऊबंद भाऊबंदच. एकाने हळूच विचारलं की आठवा कुणाच्या पदरचा, आणि सगळे निंबाकडे बघून हसले. निंबाने दोन्ही हात जोडले. झुलाल आबा म्हणाले की माझ्याकडे बघा रे, अजून माझं वय झालेलं नाही. त्यावर बायकाही हसल्या.

सुंदरबाई हसली नाही. आठवी खाच रुपचंदची होती. रुपचंद तिचा धाकटा. सुरतेच्या गिरणीत जातो म्हणून गेला, त्याचं पत्र नाही, निरोप नाही. काही वर्षं वाट पाहून भाऊबंदांनी तो मेला असं ठरवलं, आणि त्याच्या खाचेत लाख ओतली ती या तोतारामनेच. त्याच संध्याकाळी चौरंगाचा पाया निखळला होता. तेव्हापासून सुंदरबाईने कानबाईचा रोट तोंडात घातला नव्हता. मुलाचं प्रेत न बघता त्याचं मरण मतं घेऊन ठरवणाऱ्यांना काय म्हणावं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

कानबाईच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळतात. यशोदाबाईने सात जणांचे दळले होते.

"मना पोऱ्या तुम्ही मोजाच नही," सुंदरबाई एवढंच बोलली.

यशोदाबाई उठली. तिने सव्वा मूठ गहू आणखी घेतले आणि जात्यावर बसली. तोतारामने आवाज चढवला, मेल्याच्या नावाचा रोट देवीपुढे ठेवणार का म्हणून.

"भाऊजी," जात्याचा खुंटा न सोडता ती म्हणाली, "तुम्ही सुपारी कातरा. ते तुम्हाला जमतं."

आठवा रोट भाजून देवीपुढे ठेवला. नारळ पुन्हा चौरंगावर बसवला. सगळ्यांनी कान टवकारले. खट नाही, खुट नाही. झुलाल आबांनी हाताने हलवून पाहिला. चौरंग जमिनीत रुजल्यासारखा. बायकांनी गाणं धरलं, आणि तोतारामचा गाडीवान बैल सोडून जेवायला आला.

पंगत ओट्यावर बसली. आठव्या ताटाशेजारी बसायला कुणी तयार होईना, म्हणून यशोदाबाईने ते ताट, एक पाट आणि पाण्याचा तांब्या आत देवीच्या खोलीत ठेवला आणि दार लोटून घेतलं. पाच वाजले होते. खीर वाढली जात होती. तोतारामला तिसऱ्यांदा वाढताना यशोदाबाईने विचारलं, देवीला ही जागा पसंत पडलेली दिसते, तुम्हाला खीर पसंत पडली का. पंगत खो खो हसली.

त्या हसण्यात आतून एक उचकी ऐकू आली.

हसू एकेक करून विझलं. घास हातातच राहिले. पुन्हा उचकी... मग पाट सरकल्याचा आवाज... आणि दाराच्या फटीतून सरकीच्या तेलाचा वास, गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा.

सुंदरबाई दाराकडे तोंड करून बसली होती. लेक रोजच्यासारखा आत जेवायला बसलाय अशा आवाजात ती म्हणाली, "सावकाश जेव रे... पानी पे."

तांब्या उचलल्याचा आवाज झाला. उचकी थांबली.

दार उघडलं ते यशोदाबाईने. मागे यायचं धाडस कुणाला झालं नाही. खोली रिकामी होती. खिडकी नव्हतीच. दिवा शांत तेवत होता. ताटात कणही नव्हता आणि तांब्या पालथा घातलेला होता. तोतारामने पुढे एरंडोलपासून धुळ्यापर्यंत सांगितलं की तो उंदीर होता. उचकी लागली म्हणून पाणी पिणारा आणि तांब्या पालथा घालणारा उंदीर भडगावला असेल, तर तो त्याने एकदा आणून दाखवावा.

सोमवारी सकाळी कानबाईला विसर्जनासाठी पांझरेवर न्यायला काढलं. नारळ उचलला, तांदूळ गोळा केले आणि चौरंग पुसायला उलटा केला. आठवी खाच बुजलेली होती. लाख नवी होती, अजून जरा मऊ, आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता.

सुंदरबाईने त्या ठशावरून एकदा हात फिरवला. "जेवी गया मना पोऱ्या," ती म्हणाली. मग खाली बसली, रोटाचा तुकडा मोडला आणि बारा वर्षांनी पहिला घास खाल्ला. यशोदाबाई तिच्याजवळ बसून राहिली. दोघी रडत होत्या आणि खातही होत्या.

नजीरला पुन्हा बोलावलं. त्याच्या दुकानात महिनाभर लाख नव्हती. तापलेली लाख दाबली तर अंगठा भाजतोच, म्हणून त्याने सातही पुरुषांचे अंगठे उन्हात धरून पाहिले. तोतारामचा दोनदा पाहिला. एकही भाजलेला नव्हता, आणि एकाचाही ठसा जुळला नाही.

चौरंग देवपुरातच राहिला. तो पुढे यशोदाबाईच्या सुनेकडे जायचा आहे, आणि तोताराम दर श्रावणात येऊन तिसऱ्यांदा खीर घेतो. जमीन आणि चौरंग यांच्यामध्ये अंतर एक वीत आहे. त्या रात्री वरचा तांदळाचा एक दाणाही सरकला नव्हता, म्हणजे चौरंग कुणी उलटा केलाच नव्हता, आणि ठसा जमिनीकडून वर दाबलेला आहे.