"येतो" म्हणणारा पाहुणा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. इथे यझ्द शहरात, आमच्याच गल्लीत, कियुमर्सच्या घरी. सुरुवात मात्र झाली ती गेल्या हिवाळ्यात, नाईन गावाच्या रस्त्यावरच्या एका पडक्या सराईत, म्हणजे जुन्या मुसाफिरखान्यात. तीही भर दुपारी.

लग्नानंतर कियुमर्स आणि फरंगीस फिरायला गेले होते. पर्सेपोलिसचे खांब बघून झाले, इस्फहानच्या मशिदी झाल्या. परतताना भूक लागली म्हणून त्यांनी सराईपाशी गाडी थांबवली. कमानीच्या सावलीत बसून रोटी, पनीर, पुदिना काढला.

समोरच्या कोनाड्यात कोणीतरी बसलं होतं...

भिंतीकडे तोंड करून.

आता आमच्याकडे कसं, कोणाच्या देखत घास तोंडात घालायचा तर आधी त्याला "या" म्हणायचं. त्याने नको म्हणायचं. आपण आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं. खरोखर येऊन बसत कोणीच नाही.

"हाजीआगा, या, दोन घास घ्या आमच्यात," कियुमर्स म्हणाला.

त्याने रोटीचा तुकडा पुढे केला.

"लाजू नका, या."

काही नाही... वारासुद्धा नाही.

"झोपले असतील. तू गिळ की मुकाट्याने," फरंगीस कुजबुजली. "मोठा आलाय आग्रह करणारा!"

पण कियुमर्सची जीभ भारी गोड. निघताना म्हणालाच, "यझ्दला आलात तर आमच्याकडेच उतरा हं. घर तुमचंच आहे."

"येतो," कोनाड्यातून आवाज आला.

कियुमर्सच्या अंगावर काटा आला. या आमंत्रणाला असं उत्तर कोणी देत नाही. त्याने वळून पाहिलं...

कोनाडा रिकामा होता.

खालच्या धुळीत एक पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर थोडे दिवस बरे गेले. मग पाहुण्यांच्या खोलीतली गादी दबलेली दिसू लागली. फरंगीस चहा ओतून पाठ फिरवायची, तोवर पेला रिकामा.

"तू प्यायलास?"

"मी आत्ता तर आलो!"

"खरं सांग, कोणाला लपवून ठेवलंयस घरात?"

दोघं एकमेकांकडे संशयाने बघू लागली. नव्या संसारात याहून वाईट ते काय?

एका संध्याकाळी कियुमर्स दुकानातून परतला. फरंगीस दारातच उभी होती. चेहरा पांढराफटक.

"तू आत्ता येतोयस?"

"हो. का गं?"

"मग मघापासून त्या खोलीत खोकतंय कोण?"

तिने पिशवी भरून ठेवली होती. "तू बोलावलंस, तूच घालव. तोंडावर जा म्हण त्याला. एक तर तो राहील, नाहीतर मी."

कियुमर्स खोलीच्या दाराशी गेला. आतला खोकला थांबला...

कोणीतरी उठलं.

पडद्यामागे, अगदी जवळ, श्वास ऐकू आला.

"चालते व्हा" हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण घरी आलेल्याला जा म्हणायला त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं तेच निघतं.

"बसा ना अजून... इतक्यात कुठे निघालात?"

आत गादी झटकून पुन्हा पसरल्याचा आवाज आला.

फरंगीसने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि माहेरी निघून गेली. ती अजून परतलेली नाही. मला तिचं वाईट वाटतं, आणि त्याचं तर फारच.

परवा त्याच्या घरावरून जात होतो. कियुमर्स उंबऱ्यात उभा होता. पार वाळलाय.

"या ना, चहा घेऊन जा."

रीतीप्रमाणे मी नको म्हणालो.

"असं कसं? या."

"नको रे, घाईत आहे."

"या हो..."

हा शेवटचा आग्रह कियुमर्सने केला नव्हता. त्याचे ओठ मिटलेले होते, आणि तो माझ्याकडे बघत हळूच मान हलवत होता... नको, नको.

तेव्हापासून मी लांबच्या वाटेने घरी जातो.