बिघाड : काही नाही

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. ते वर्ष त्या घरात कुणी विसरणार नाही. एक तर थोरली तशीच राहिली आणि धाकटी आधी उजवली. दुसरं म्हणजे लग्नाच्या तयारीसाठी घरच्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, नाव ठेवलं 'आपली माणसं'. लग्न उरकलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, पण ग्रुप काही उठला नाही. त्रेचाळीस माणसं त्यात बसली ती बसलीच. सकाळी सहाला काकांचा सुप्रभात, सातला आत्याचं फूल, आठला मामांचा विनोद, आणि तोही गेल्या आठवड्यातलाच.

थोरलीला घरात सगळे 'लेखिका' म्हणायचे. त्यात निम्मं कौतुक होतं, निम्मा टोमणा. फोनच्या पडद्यावर मावेल असं चार-सहा ओळींचं ती लिहायची आणि हजारो अनोळखी लोक त्यावर अंगठे उठवायचे. ते पाहून एका प्रकाशकाने तिला बोलावून घेतलं आणि दोनशे पानांची कादंबरी मागितली. ती हो म्हणून आली.

बाबांनी मात्र मुदत घातली. "धाकटीच्या लग्नाला वर्ष होईपर्यंत तुला मोकळीक. तोवर पुस्तक झालं तर तू खरी लेखिका. नाही झालं तर मावशीच्या ऑफिसात जागा आहे, तिथे निमूट जाऊन बसायचं."

सात महिने गेले. पानं झाली अकरा.

घरात गलका नको म्हणून ती रोज वाचनालयात जाऊन बसायची. पण चार ओळी झाल्या की हात आपोआप फोनकडे वळायचा. एखादा पोहणारा दर चार हातांवर काठाशी येऊन 'कसा पोहलो?' असं विचारत राहिला, तर तो पलीकडे पोचणार कधी? तशी तिची गत झाली होती.

एके दिवशी पेनातली शाई संपली म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. मान फोनमध्येच होती. मान वर न करताच म्हणाली, "एक निळी रिफिल द्या."

"इथे नाही मिळत," समोरून आवाज आला. "मिळत असती तरी तुम्हाला दिसली नसती."

तिने वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक तरुण बसला होता. हातात बारीक चिमटा, आणि एका डोळ्याला भिंग. भिंगातला डोळा बशीएवढा दिसत होता, दुसरा आपला साधा, हसरा.

"अय्या! हे स्टेशनरीचं दुकान नाही?"

"ते शेजारी. हा दवाखाना आहे. फोनचा."

खरंच, दुकानभर उघडे पडलेले फोन होते. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता 'डॉक्टर' म्हणूनच ओळखायचा. नवा फोन घ्यायला निघालेल्यालाही तो म्हणायचा, "थांबा, जुना अजून जगेल." आणि जगवून दाखवायचा.

लेखिका ओशाळली. निघणार, तेवढ्यात हातातला फोन तीनदा टुणटुणला. काय मनात आलं कोण जाणे, तिने तो काउंटरवर ठेवून दिला.

"हा ठेवून घ्या."

"काय होतंय त्याला?"

"काही नाही. छान चालतोय… तेच तर दुखणं आहे."

डॉक्टरने भिंग काढलं. दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत धडधाकट पेशंट पहिल्यांदाच आला."

"एक वाजेपर्यंत ठेवा. मधेच मी मागायला आले तरी द्यायचा नाही."

"रडलात तरी?"

"मी रडत नाही."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणत त्याने पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सरळ केला आणि लिहू लागला. वस्तू – फोन. बिघाड – काही नाही. वरचा कागद फाडून त्याने दोन बोटांनी नीट घडी घातली आणि तिच्या हातावर ठेवली. "पावती हरवू नका. पेशंट बदलून जातो."

शेजारून रिफिल घेऊन ती वाचनालयात परतली. त्या दिवशी तिचा हात सवयीने कितीदा तरी पिशवीत गेला. दरवेळी हाताला पावतीच लागली. एकच्या सुमारास तिच्यापुढे दीड पान झालं होतं. दीड पान म्हणजे काही फार नव्हे, पण ते सलग होतं.

"किती झाले?" फोन घेताना तिने विचारलं.

"दुरुस्तच केला नाही तर पैसे कसले?"

आतून आवाज आला, "पैसे नको. वाचायला दे काहीतरी."

डॉक्टरची आई आत बसून बारीक स्क्रू निवडत होती. लहान एका झाकणात, मोठे दुसऱ्या झाकणात. साठी उलटल्यावर तिने अक्षरं गिरवली होती. मोठा मुलगा परदेशी गेला, त्याचे निरोप फोनवर येत, आणि ते धाकट्याकडून वाचून घ्यावे लागत. "एकाची माया दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची म्हणजे उष्टंच की," ती म्हणायची. म्हणून शिकली. शिकली तर निरोप निघाला केवढा? 'जेवलीस का?' बस्स. एवढ्यासाठी का मी बाराखडी केली, असं तिला वाटायचं. तिला लांबलचक काहीतरी वाचायचं होतं, हातात धरून.

"तुझ्या हातात ते लिहिलेलं दिसतंय, तसं रोज एक पान आण, ही काकू वाचेल," ती म्हणाली. "आणि ऐक. मी एकदा अडखळले तर चूक माझी. दोनदा अडखळले तर तुझी."

असा रोजचा परिपाठ पडला. नऊ वाजता फोन ठेवायचा, पावती घ्यायची. एक वाजता फोन घ्यायचा, एक पान द्यायचं, पुढे पुढे दोनही. काकू बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. एका पानाला अर्धा तास. इतक्या सावकाश आपलं लिहिणं कुणी वाचलेलं लेखिकेने कधी पाहिलं नव्हतं. हजार अंगठे एकीकडे आणि ते एक सुरकुतलेलं बोट एकीकडे. ते बोट थांबलं की ती मान लांब करून ते वाक्य शोधायची. दोनदा थांबलं तर ती दुसऱ्या दिवशी ते वाक्य नवं लिहून आणायची. वाक्यं सुधारू लागली, पानं वाढू लागली, आणि मुलगी ताठ मानेने चालू लागली.

वाढत आणखीही काहीतरी होतं. पावत्यांवरून कळायचं.

'बिघाड – काही नाही. मालकीणबाईंना पाऊण तास उशीर.'

'बिघाड – काही नाही. पाऊस आहे म्हणून फोन प्लॅस्टिकमध्ये ठेवला. मालकीणबाई तशाच भिजत गेल्या.'

'बिघाड – काही नाही. फोन आज एकदाही वाजला नाही, तरी दुकानदाराचं कामात लक्ष नाही.'

"पावतीवर वाट्टेल ते लिहिता का हो सगळ्यांच्या?"

"बिघाड दिसेल तो लिहायचा, हा धंद्याचा नियम आहे."

"मग दुकानदाराचा बिघाड माझ्या पावतीवर कशाला?"

"तो तुमच्याच पावतीच्या वेळी होतो… त्याला मी काय करू?" म्हणत त्याने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. पण कान लाल झाले होते, ते भिंगामागे थोडेच लपतात!

चार महिने असे गेले. एकशे साठ पानं झाली. चाळीस उरली, आणि दिवस उरले एकोणीस. नेमकं तेव्हाच ते झालं.

धाकटी न सांगता माहेरी आली. थोरलीला बोलावून घ्यावं म्हणून आईने फोन लावला. वाचनालयात फोन घेता येत नाही असं लेखिकेने घरी सांगून ठेवलं होतं, पण आई ती आईच. अकरा वेळा लावला. डॉक्टर वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला. उचलायचा नाही असा शब्द दिला होता. बाराव्या खेपेला मात्र त्याचा जीव राहिना. खरंच कुणाला काही झालं असेल तर?

"हॅलो, मी डॉक्टर बोलतोय."

पलीकडून कापऱ्या आवाजात, "डॉक्टर? आमच्या मुलीला… काय झालंय?"

"काही नाही, काही नाही! रोज येतात त्या. चार महिने झाले. आता पुष्कळ फरक आहे."

"चार महिने!"

"एकदाही खाडा नाही. काळजी करू नका. वाचनालयाच्या पुढे, स्टेशनरीला लागून माझा दवाखाना—"

फोन बंद झाला. 'आपली माणसं' पेटून उठली. आईने लिहिलं, लेखिका दवाखान्यात आहे. काकांनी विचारलं, ऑपरेशन कधी? आत्याने ते 'ऑपरेशन कधीच झालं' असं वाचलं आणि हात जोडले. मामांनी आपला रक्तगट कळवला. पूर्वी ध चा मा करायला निदान एका माणसाला बसून खाडाखोड करावी लागायची. आता त्रेचाळीस जण मिळून पाच मिनिटांत करतात.

अर्ध्या तासात आई, बाबा, काका आणि धाकटी दुकानासमोर उतरले.

"डॉक्टर कुठे आहेत?" बाबांनी विचारलं.

"मीच," चिमटा खाली ठेवत तो उठला.

बाबांनी उघड्या फोनांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. प्रकार उलगडला तेव्हा आईला हसावं की रडावं कळेना. बाबांचा पारा मात्र चढला. "म्हणजे माझी मुलगी चार महिने आम्हाला फसवून रोज इथे येते? कशाला?"

डॉक्टरने पावतीपुस्तक उगाच सरळ केलं. तेवढ्यात काकू आतून एक फोनचा रिकामा खोका छातीशी धरून बाहेर आली.

"कशाला ते मी सांगते. आधी फोन इथे ठेवा, चौघांचेही."

"माझा कशाला?" काका पुटपुटले.

"तुमचा तर आधी."

चार फोन काउंटरवर आले. डॉक्टरने मुकाट्याने चार पावत्या फाडल्या. मग काकूने खोक्यातून एक पान काढलं, बोट ठेवलं आणि वाचू लागली. पान होतं सायकलचं. वडील मुलीला सायकल शिकवतात. मागून धरलंय, धरलंय म्हणत कधीच सोडून दिलेलं असतं. मुलगी लांब जाते. वडील रस्त्यातच उभे राहतात, आणि मुलीने वळून पाहू नये म्हणून ओरडतात, 'धरलंय गं!'

काकू कुठेच अडखळली नाही. वाचून झाल्यावर तिने पान परत खोक्यात ठेवलं. बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

"हे… तिच्या लक्षात आहे?" ते म्हणाले.

"अशी एकशे साठ पानं आहेत," काकू ऐटीत म्हणाली. "सगळी मी वाचलीत. बोट ठेवून."

एक वाजता लेखिका हातात पान घेऊन आली आणि घरचे बघून दारातच थिजली. आता मावशीचं ऑफिस, तिला वाटलं.

"किती राहिली?" बाबांनी विचारलं.

"चाळीस."

"मग इथे उभी काय राहिलीस? जा, लिही जा."

त्यांनी आपला फोन मागून घेतला, पावती दाखवून. आणि 'आपली माणसं'वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मुलगी ठणठणीत आहे. पुस्तक लिहिते आहे. एकोणीस दिवस तिला कुणीही फोन करायचा नाही. – लेखिकेचे बाबा.' नावाऐवजी असं त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं. खाली बेचाळीस अंगठे उठले, सगळे एका मिनिटात.

मुदतीच्या दोन दिवस आधी शेवटचं पान झालं. दुपारी ती फोन घ्यायला आली. काकू आत होती. स्क्रूंचा आवाज मात्र येत नव्हता.

"झालं," लेखिका म्हणाली.

"झालं?" त्याचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी उतरला. "म्हणजे उद्यापासून…"

"उद्यापासून फोन ठेवायला यायचं काही कारण उरलं नाही."

"नाही ना…" त्याने फोन पुढे केला. मग थांबला. पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सरळ केला, खाली मान घालून बराच वेळ लिहिलं आणि पुस्तकच तिच्याकडे फिरवलं.

'वस्तू – दुकानदार. बिघाड – मालकीणबाईंना "तुम्ही" म्हणताना अडखळतो. दोनदा अडखळलो.'

तिने ते बोट ठेवून वाचलं, सावकाश, काकूसारखं.

"दोनदा?"

"मोजून."

"मग चूक माझी म्हणायची," ती म्हणाली. नव्या निळ्या रिफिलचं पेन काढून तिने गिऱ्हाइकाच्या सहीच्या जागी लिहिलं, 'मग तू म्हण ना.' असं दाबून लिहिलं की ते कार्बनखालच्या प्रतीवरही स्वच्छ उमटलं.

"अगं, जोरात वाच की!" आतून काकू ओरडली. "मला इथे ऐकू येत नाही."

पुस्तक आलं. लग्नही झालं; त्यासाठी नवा ग्रुप कुणालाही काढू दिला नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला पुस्तक दाखवायचे आणि सायकलचं पान आपोआप उघडायचं, इतकं ते उघडून झालं होतं. काकूने छापील पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, दिवसाला दोन पानं. एकशेबाराव्या पानावर एका वाक्याखाली तिने पेन्सिलीने खूण केली. तिथे ती दोनदा अडखळली होती. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा लेखिकेने ते वाक्य बदललं. नवं पुस्तक हातात पडताच काकूने आधी एकशेबारावं पान काढलं, बोट ठेवून वाचलं, आणि पेन्सिल सुनेच्या हातात दिली. "ही आता ठेव. मला लागणार नाही."

डॉक्टरची आई धाकटीच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी दहा वाजता वारली. तिचं वय सत्तर होतं.