छपरांवरून गेलेली वाट

जवळ सरून बसा, मायबापहो. एका मनगटी घड्याळानं खोटं बोलता बोलता खरं कसं ओकलं, ते ऐका.

सकाळी सातला फौजदारबाईंना फोन आला. दगडखाणीच्या तळाशी शाळेतल्या खेळाच्या बाई मरून पडल्या होत्या. हाताला पळण्याचं घड्याळ. त्यात उमटलेली वाट घरापासून निघून साडेसहाला कड्यावर संपत होती. तिथं त्या वेळी एकटा म्हातारा राखणदार.

"अंधारात मोटार आली, उजाडल्यावर गेली. देवाशपथ!" तो रडत म्हणाला.

"देव साक्षीला येत नाही," हवालदार खेकसला. "घड्याळ येतं. बाई पळत आल्या नि तू ढकललंस."

संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही, तर म्हाताऱ्याला कोठडी ठरलेली. फौजदारबाईंनी घड्याळातल्या जुन्या नोंदी उघडल्या. तीनशे वाटा, सगळ्या अंगणातून दोऱ्यासारख्या सरळ निघालेल्या. आजची मात्र शेजाऱ्यांच्या छपरांवरून उड्या मारत चौकात उतरली होती.

शेजारीण म्हणाली, "रोज अंगणात हात पुढे करून उभ्या! मी चिडवायचे, 'आभाळाची परवानगी मिळाली का हो?' म्हणायच्या, 'काकू, घड्याळाला उपग्रह सापडू देत. घाई केली तर वाट चुकीची उमटते.' आज नाही दिसल्या बाई."

मग नवऱ्याची पाळी.

"त्या निघायच्या कशा?"

"कशा म्हणजे? बटण दाबायचं नि धूम ठोकायची."

"आज?"

"तसंच. इथंच, या खोलीत दाबलं. मी समोर होतो."

फौजदारबाई उठल्या.

"आठ वर्षांचा संसार, आणि बायको रोज अंगणात का थांबते हे ठाऊक नाही! छपराखाली घड्याळाला उपग्रह दिसत नाहीत, म्हणून आजची वाट भरकटली. बटण तुम्ही दाबलंत. पहाटेआधीच त्यांना मारलंत, मोटारीतून खाणीवर नेलंत, मोटार तिथंच सोडून चालत परतलात. मग त्यांचं घड्याळ घालून पळालात, ते त्यांच्या मनगटावर बांधलंत, त्यांना खाली लोटलंत नि मोटारीनं घरी आलात. द्या किल्ली. डिकी बघू."

किल्ली हातातून सुटून फरशीवर खणखणली. "ती मला सोडून चालली होती," तो पुटपुटला.

राखणदार सुटला. पण घरी न जाता तो आधी शाळेच्या फाटकाशी गेला, टोपी काढून कितीतरी वेळ उभा राहिला.

मायबापहो, आज हात जोडाल तेव्हा त्या खेळाच्या बाईंची आठवण ठेवा.