सदतिसावं पान

त्या दुपारी माझ्याकडे अगदी साधं काम होतं. वाचनालयात नवी पुस्तकं आली होती. त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायची, शिक्के मारायचे, कपाटात लावायची. गठ्ठ्यात सगळ्यात वर होता एका स्वीडिश रहस्यकथेचा दुसरा भाग. मराठीत यायला त्याला दोन वर्षं लागली होती. आणि मावशीला जाऊन चार महिने झाले होते.

मला मावशीनंच वाढवलं. खुनाच्या गोष्टींचं तिला वेड. त्या रहस्यकथेच्या पहिल्या भागाच्या शेवटी इन्स्पेक्टर बाई गोठलेल्या तळ्यावरून खुन्याच्या मागे धावते, पायाखालचा बर्फ फुटतो आणि पुस्तक संपतं. मावशी आठवडाभर धुसफुसत होती.

"तू इंग्रजीतून वाचलायस ना पुढचा भाग? जगते का गं ती? एवढंच सांग."

"मराठीत येईल तेव्हा वाच. सगळं आयतं कशाला हवं?"

"तोवर मी असेन की नाही, कुणास ठाऊक."

"झालं तुझं सुरू!"

"तापट कुठली. तू पडली असतीस ना त्या तळ्यात, तर सगळा बर्फच वितळला असता."

आम्ही दोघी हसलो. पण मी सांगितलं नाही. मोठ्या माणसांचं ते 'आज आहोत, उद्या नाही' ऐकलं की माझं डोकंच फिरतं. हॉस्पिटलमध्येही तिनं पुन्हा विचारलं, ऑक्सिजनच्या मास्कमधून. मी म्हणाले, "आधी घरी चल, मग सांगते." वाटलं, उत्सुकतेपोटी तरी टिकेल.

नाही टिकली.

तिची एक खोड होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये, म्हणून ती प्रत्येक पुस्तकात सदतिसाव्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक फुली मारायची. तीही वाचनालयाच्या पुस्तकांत! मी भांडायचे आणि खोडरबर घेऊन पुसत बसायचे.

त्या दुपारी पुस्तकाचं वेष्टण मी माझ्या हातानं फाडलं आणि नकळत तेच पान उघडलं. कोपरा कोरा होता. मग माझं मलाच काय वाटलं कोण जाणे, वाचनकक्षात कुणी नाही असं बघून मावशी नेहमी बसायची त्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीसमोर मी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

खरं सांगू? दुसऱ्या भागाला पहिल्याची सर नाही. नुसता बर्फ, कडू कॉफी आणि घटस्फोट झालेले पोलीस. इंग्रजीत वाचतानाही मी वैतागले होते. पण ते तळं... बर्फाखालून ती बाई वर बघते, वरून जाणाऱ्या पावलांचा आवाज ऐकते आणि हाक मारायला तोंड उघडते, तिथं मी पुस्तक आणखी जवळ धरलं. शेवटी तिची बोटं काठाला लागली.

"जगते गं," मी म्हणाले. "जगते ती."

समोरचं वेत करकरलं. कुणीतरी रेलून बसावं, तसं. आणि निलगिरीच्या तेलाचा वास आला... ते मावशी गुडघ्यांना चोळायची.

"कुणाशी बोलतेस?" दारात ग्रंथपाल काका उभे होते.

"स्वतःशी. बंदी आहे का?"

"नाही... पण भर दुपारी तिथला दिवा कशाला लावलास?"

मी दिवा लावला नव्हता.

ते गेल्यावर मी सदतिसावं पान पुन्हा उघडलं. कोपऱ्यात बारीक फुली होती. या वेळी मी ती पुसली नाही. उलट मला हलकं वाटलं, फार दिवसांनी.

गोष्ट इथं संपली असती, तर मी तुम्हाला बसवून ऐकवली नसती.

नवीन वर्षाची डायरी घेतली. रोजचं एक पान. दुकानातून बंद वेष्टणात आणली, घरी येऊन उघडली आणि सवयीनं पानं मोजली. सदतिसाव्या पानावर, कोपऱ्यात, फुली.

वाचलेल्या पुस्तकावरच मारायची ती. आणि डायरी तर कोरी होती.

तरी मी हट्टानं रोज लिहीत आले. मघाशी, तुम्ही यायच्या आधी, छत्तिसावं पान लिहून झालं. मग दिवा जवळ ओढला आणि हळूच विचारलं, "मावशी, पुढं काय होतं गं? एवढंच सांग..."

खोलीभर निलगिरीचा वास पसरला. उत्तर आलं नाही.

वेळेवर मी तरी कुठं दिलं होतं?