वर जाणारं पाणी

ऊन चढेपर्यंत लीतियाने कृत्तिकाला आणि आत्याला गावातच बसवून ठेवलं, तेव्हाच कृत्तिकाच्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली.

आता ती कुंडाच्या काठावर उभी होती. समोर धबधबा पांढराशुभ्र कोसळत होता, गावातल्या पोरी किंचाळत उड्या घेत होत्या, आणि सगळ्या कड्यावर बोटभर जाडीच्या, काचेसारख्या फिकट वेली दाटीने चढल्या होत्या. फिजीच्या या लहानशा बेटावर दोन वर्षं धड पाऊस नव्हता. येताना लागलेल्या पुलाखाली ओढ्याच्या जागी नुसते दगड होते, आणि दगडांवर वाळत घातलेले कपडे. मग हे एवढं पाणी जातं कुठे?

"उतर ना पाण्यात," लीतिया म्हणाली. ही त्यांची यजमानीण. तिची इथली हिंदी आणि आत्याची चिपळूणची हिंदी यांचं सकाळपासून झकास जमलं होतं.

"ती कसली उतरतेय!" आत्या म्हणाली. " लहानपणी दूध देताना विचारायची, गाय कुठली?"

कृत्तिका हसली नाही. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत लाल फडक्याने तोंड बांधलेला तांब्याचा लोटा होता. लोट्यात बाबा होते. तरुणपणी रस्त्याच्या कामावर ते या बेटावर राहिले होते, रोज या कुंडात पोहले होते. शेवटी दीड वर्ष पुण्याच्या फ्लॅटमध्ये छताकडे बघत पडून राहिले. "मेल्यावर तरी मला वाहू दे," म्हणाले होते. "त्या धबधब्यात सोड. समुद्रापर्यंत जाईन."

सकाळी गावच्या मुखियासमोर रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या, म्हणजे ज्यांचं पेय करतात त्या मुळांची जुडी ठेवून त्यांनी परवानगी मागितली. मुखियाने विचारलं, किती जण आलात? कृत्तिकाने लोट्याकडे बोट दाखवलं. तो फार खूश झाला. "तिघं! बरं झालं." ते "बरं झालं"ही तिला खुपत होतं.

पाण्याची ओटी भरल्याशिवाय दादाला सोडायचं नाही, हा आत्याचा हट्ट. तिने नारळ काठावर ठेवला, पाण्यावर हळद वाहिली आणि जुन्या चालीवर स्वतःचंच काही गुणगुणली:

*पाण्या रं माझ्या राजा, किती तुझी वाट लांब*
*भाऊ माझा दमलेला, त्याच्यासाठी जरा थांब*

हळदीची पिवळी रेघ हलली. कृत्तिका डोळे रोखून बघत राहिली. रेघ ओढ्याकडे गेली नाही. कुंडाला अर्धा वळसा घालून ती कड्याच्या पायथ्याशी गेली आणि वेलींच्या मुळांशी ओठासारखी चिकटून बसली.

"आत्या, थांब! बाबांना नाही सोडायचं इथे. हे पाणी वाहत नाहीये. ते परत वर चाललंय."

लीतियाने नजर चुकवली नाही. "वेल चढवते त्याला. प्रयोगशाळेतून आणलेली. ऊन असतं तोवर मुळांनी पाणी ओढते आणि वरच्या पानांच्या टोकांतून गाळते."

"पहाटे अळूच्या पानाला थेंब लोंबतात, तसं?" आत्याने विचारलं.

"तसंच. फक्त लाखो पानं."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत!"

"तू विचारलंस, पाणी आहे का? मी म्हटलं, आहे. तेच आम्ही पितो. क्षार वेल ठेवून घेते. असं ते प्रयोगशाळेवाले सांगतात."

कृत्तिका कडा न्याहाळू लागली. बहुतेक वेली पिवळ्या पडत चालल्या होत्या. डाव्या कोपऱ्यातल्या मात्र तरारून जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या.

"तिथेच का फुललीय?"

लीतियाने त्या फुलांकडे हात केला. मग म्हणाली, "माझी आई आहे तिथे. समुद्राने आमची दफनभूमी खाल्ली. उरल्यासुरल्या अस्थी आम्ही इथे वर आणल्या. वेलीला हाडांचा क्षार लागतो, तेव्हा कळलं."

"म्हणून आम्हाला या म्हणालात?"

"म्हणूनसुद्धा," लीतिया म्हणाली. "खोटं नाही बोलणार. पण ज्याने आमची माणसं खाल्ली, त्याच समुद्राकडे तुझे बाबा निघालेत, तेही बघ."

कृत्तिकाने पिशवीतून लोटा काढून छातीशी घट्ट धरला. सरळ चालू पडावं, होडी करून खोल समुद्रावर जावं, असं मनात आलं. तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "दादा सांगायचा गं. या कड्यावरून उडी मारायची, धापा टाकत वर चढायचं, की पुन्हा उडी. जेवणाची शुद्ध नसायची मेल्याला."

"मेल्याला" म्हणताच तिने पदर डोळ्यांना लावला.

कृत्तिकाने लीतियाला विचारलं, "ही वेल दमते का कधी?"

"ऊन गेलं की निजते. उजाडलं की पुन्हा चढते."

कृत्तिका पाण्यात उतरली. घोट्यांना ओढ लागली, कड्याच्या दिशेने. तिने फडक्याची गाठ सोडली. राखेचा करडा ढग क्षणभर घुटमळला, आणि हळदीच्या वाटेने निघाला.

पलीकडे लीतियाच्या गावची एक पोर धबधब्याखाली तोंड उघडून उभी होती, पाणी पीत. क्षार वेल ठेवून घेते, असं ते सांगतात. कृत्तिकाने मान वर केली. उंच पानाच्या टोकावरून निसटलेला एक थेंब तिच्या ओठांवर येऊन थांबला.

तो पुसावा, की प्यावा?